कंदिलाची काच आणि कुंभाराची माती

सोनपेठातल्या ज्या घरांत वीज उशिरा आली, तिथल्या आजीबाईंना दिवेलागणीचे काम काय असे ते एकदा विचारा. रॉकेल मोजून घालायचे, वात कात्रीने सरळ कापायची, काच राखेने घासून कागदाने कोरडी पुसायची. काच पुसणे बहुधा लहान मुलींकडे, कारण मोठ्यांचा हात आत जात नसे. ती तडकली तर नुसती बोलणी खाऊन भागत नसे. नवी काच बाजारातून येईपर्यंत मुलांचा अभ्यास चिमणीच्या धुरात. जवळच परळीला वीज तयार होऊ लागली, तरी कंदील काही लगेच खुंटीवरून उतरला नाही.

त्या काळच्या पुष्कळ कंदिलांवर 'प्रभाकर' हे नाव असे. हा कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगले बंधूंनी १९१६ साली तिथे काच कारखाना काढला. त्याआधी १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता, तोही लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. ओगलेवाडीचा कारखाना आता बंद आहे. गावाचे नाव तेवढे राहिले.

एक गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. काच वितळायची ती मातीच्या भांड्यात. वाळू, सोडा आणि चुना यांचे मिश्रण सुमारे १४०० अंशांवर वितळवायचे, तर तेवढी आच सोसणारे भांडे हवे. जुन्या भट्ट्यांसाठी ते खास मातीचे, हाताने थरावर थर चढवून करीत आणि सावलीत महिनोन् महिने वाळवीत. घाईने वाळवले तर भट्टीत तडकणार आणि आतली सगळी काच वाया जाणार. फुंकनळीवर लाल गोळा घेऊन काच फुगविणाऱ्याला लोक उभे राहून पाहतात. भांडे घडविणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आपण कष्टकऱ्यांनी तरी त्याला विसरू नये, असे आम्हाला वाटते.

आता हीच माती आणि हीच काच दिव्यात वेगळ्या रीतीने एकत्र येत आहेत. खाली हाताने घडविलेली भाजल्या मातीची बैठक, वर तोंडाने फुंकलेल्या काचेचा गोल, आत एलईडीचा दिवा. जुन्या साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड नऊ-दहा वॅटमध्ये मिळतो आणि तापही कमी, म्हणून माती व काच जवळजवळ बसविता येतात. शहरात अशा वस्तूंना गिऱ्हाईक आहे. कुंभाराचे चाक आपल्या भागात आहे. फुंकलेली काच मात्र फिरोजाबादसारख्या ठिकाणाहून आणावी लागेल. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती आपल्याला विजासन लेण्यांमुळे ठाऊक आहे. तिथे ग्रामोदय संघाने कुंभारकामाला नवे तंत्र दिले आणि साध्या मडक्यापलीकडच्या वस्तू घडविल्या. चाकावर माठाखेरीज दुसरे काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी एकदा तिकडे जाऊन यावे.

अडचण येते ती दोघांच्या स्वभावामुळे. ओली माती वाळताना आणि भाजताना आकसते. दहा इंचाचे तोंड भट्टीतून नऊ-सव्वानऊ इंचांचे होऊन बाहेर पडते. काच असे करीत नाही, पण तिला हळूहळू थंड केले नाही तर आठवड्याने आपोआप तडकते. दोन्ही एकत्र भाजून चिकटवू म्हटले तर निवताना एक जास्त आखडते, दुसरी कमी, आणि जोड फुटतो. म्हणून दोन्ही वेगवेगळी तयार करून मध्ये रबराची चकती घालून बसवितात.

आणि हिशेब? आम्ही पाहतो ते असे की, फूट कोणाच्या खात्यावर टाकायची यावरच भागीदारी मोडते. काचवाला म्हणतो बैठक वाकडी, कुंभार म्हणतो गोल मोठा. आपल्याकडे काम जन्माने वाटले गेले. डॉ. बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की त्यात कामाबरोबर काम करणारी माणसेही वेगळी पाडली गेली. वेगळ्या पाडलेल्या माणसांना एका कागदावर माप लिहून घ्यायचीही सवय नसते. बचत गटाच्या ज्या बाया पणत्या करून विकतात, त्यांनी पुढे दिवे करायचे ठरविले तर फुटीचा वाटा आणि विक्रीचा वाटा कामाआधीच लिहून घ्यावा. दिव्याखाली दोघांचीही नावे कोरावीत.

सुरुवात मातीपासून करावी. बैठक घडवून, थोडी घट्ट झाल्यावर वायरीचे भोक पाडून, वाळवून, भाजून घ्यावी. मग भाजलेल्या तोंडाचा घेर दोऱ्याने मोजावा आणि तो दोराच काचेच्या मागणीबरोबर पाठवावा. चकतीसाठी दोन-तीन सूत जागा सोडायला सांगावी.