घातांक : नियम की हुकूम?

शासकीय परिपत्रके वाचण्यात आणि काढण्यात आमचे आयुष्य गेले. त्यामुळे ‘नियम आहे म्हणून’ या उत्तराची किंमत आम्ही पुरती जाणतो. ज्यास कारण ठाऊक नसते, तो हे उत्तर देतो. मोहगावातील आपल्या घराघरांतून मुलांना बीजगणित शिकविताना हेच उत्तर दिले जाते. आणि या अपराधातून आम्ही स्वतःस वगळत नाही.

नातीने २ चा तिसरा घात आणि २ चा चौथा घात यांचा गुणाकार २ चा बारावा घात असा मांडला. ‘घातांकांची बेरीज करावी, नियम पाठ कर!’ आम्ही गरजलो. तिने पाठ केला आणि दुसऱ्या दिवशी त्याच दोन संख्यांच्या बेरजेलाही तो लावला. दोष कोणाचा? वस्तुतः येथे पाठ करण्याजोगे काहीच नाही. तीन वेळा २ आणि आणखी चार वेळा २, असा गुणाकारात २ एकंदर सात वेळा येतो. ८ गुणिले १६ म्हणजे १२८. बेरजेत मात्र ८ व १६ मिळून २४ च. क च्या घनाला क च्याच घनाने भागले की १ उरतो. म्हणून क शून्य नसेल तर त्याचा शून्यावा घात १. ही साधी मोजणी आहे, हुकूम नव्हे.

यावर ठरलेली सबब पुढे येते : ‘पुस्तक हिंदीत, घर मराठी, आम्ही काय शिकविणार?’ १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशात राहिलो, हे खरे. परंतु हिंदीतला ‘आधार’ म्हणजे आपला ‘पाया’, ‘बीजीय व्यंजक’ म्हणजे ‘बैजिक राशी’, आणि ‘घातांक’ तर दोन्हीकडे घातांकच! एवढ्या दोन शब्दांच्या उंबरठ्यावर आपण अडखळावे? बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्त राशीस ‘या’, तिच्या वर्गास ‘याव’, घनास ‘याघ’ अशा संक्षिप्त खुणांनी गणित चालविले. ती परंपरा आपली म्हणून सभांतून मिरवायची आणि नातवंडांची वही हिंदी म्हणून मिटायची, हा दुटप्पीपणा होय.

मराठी टिकावी म्हणून आपण ठराव पुष्कळ केले. आता सायंकाळी ओसरीवर मुलाजवळ बसून ‘२ किती वेळा आला, मोज बरे’ एवढे मराठीतून विचारावे. ज्या भाषेत मूल विचार करू शकत नाही, ती भाषा ठरावांनी जगत नसते.