‘आतां कांहीं उरलें नाहीं’

‘आतां आमच्या हातीं कांहीं उरलें नाहीं,’ असें म्हणून डॉक्टर खाटेपासून दूर होतो, तेव्हां तें वाक्य बहुधा खोटें असतें. रोग बरा करणें उरलें नसेल. परंतु वेदना शमविणें, धाप कमी करणें, भ्यालेल्या माणसाच्या प्रश्नांस खरीं उत्तरें देणें, हें सारें उरलेलेंच असतें. सिसिली सॉन्डर्स या विदुषीनें १९६७ सालीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्टोफर्स हें हॉस्पिस उघडलें, तें याच उरलेल्या कामासाठीं. आपल्याकडे वांद्र्याचें शांति अवेदना सदन १९८६ सालीं निघालें.

तरीही आमचे संस्कृतिरक्षक विचारतात, कीं आईबापांना परक्यांच्या दारीं मरावयास धाडणें कोणत्या शास्त्रांत बसतें? मरणासाठीं काशीची वाट धरणारांची मात्र यांनीं कधीं निंदा केल्याचें ऐकिवांत नाहीं! शिवाय या सेवेस इमारतच लागते असेंही नाहीं. केरळांत परिचारिका व शेजारपाजारचे स्वयंसेवक रोग्याच्या घरीं जातात. २००८ सालीं त्या राज्यानें तसें धोरणच स्वीकारलें. आणि ज्या कुटुंबवात्सल्याचा एवढा गजर चालतो, त्याचा भार प्रत्यक्षांत एकट्या सुनेच्या पाठीवर असतो. रात्रीं तीन वाजतां कण्हणाऱ्या सासऱ्याला औषध किती द्यावें, हें तिला कोणीं शिकविलेलें नसतें. गजर करणारे त्या वेळीं निजलेले असतात.

दुसरा आक्षेप मॉर्फिनचा. व्यसन लागेल म्हणे! वेदनेसाठीं बेतानें दिलेल्या मॉर्फिननें व्यसन क्वचितच लागतें. आणि लागलेंच, तर ज्याचे पंधरा दिवस उरले त्याचें त्यांत काय बिघडलें? राजस्थान-मध्यप्रदेशांत अफू सरकारी परवान्यानें पिकते, परदेशींही जाते. पण १९८५ च्या कायद्याची धास्ती अशी, कीं तो २०१४ सालीं सैल केल्यावरही खेड्यांतल्या रोग्यास मॉर्फिनची गोळी दुर्मिळच.

निरर्थक यंत्रोपचार नकोत, असें आधींच लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं मान्यता दिली आणि २०२३ सालीं त्याची रीत सोपी केली. परंतु लिहिणारास आपला रोग ठाऊक तर हवा! येथें मुलगा दाराबाहेर हात जोडतो, ‘त्यांना सांगूं नका’. आणि आंत म्हातारा सारें ओळखून, मुलासाठीं, न ओळखल्याचें सोंग करतो. दोघेही एकमेकांस वांचवीत असतात, आणि रुसलेल्या भावाला बोलावणें तेवढें राहून जातें.