आडवे पडलेले आप्त

दिवाळीत घरोघर दोन गोष्टींचा पूर येतो : एक फराळाचा आणि दुसरा फोटोंचा. पूर्वी फोटो काढायचा म्हणजे ठेवणीतले कपडे घालून, स्टुडिओत जाऊन, श्वास रोखून बसावे लागे. आता करंजी कढईतून झाऱ्यावर येते न येते तोच तिचा फोटो अकोल्याहून अमरावतीस पोचलेला असतो. पोचतो खरा, पण पुष्कळदा आडवा पोचतो. समई भिंतीतून उगवलेली, रांगोळी छताला चिकटलेली आणि ओवाळून घेणारे भाऊराव पाटासकट कुशीवर निजलेले!

मान वाकडी करण्यापेक्षा टॅब्लेटच वाकडा करावा म्हटले, तर तो आपल्याहून वस्ताद. त्याला फिरवले की आतले चित्रही फिरते आणि पुन्हा आडवे ते आडवेच. अकोल्याच्या आमच्या आत्याबाई वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी या यंत्राशी झुंजत होत्या. म्हणाल्या, "अरे बाप्पा, इकडून पाहाव तं तिकडे पयते, तिकडून पाहाव तं इकडे! याले धराव तरी कसं?"

आत्याबाईंची तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. अमरावतीला अंबागेटजवळच्या आमच्या जुन्या घरात एक अल्बम आहे. काळी पाने, कोपऱ्यांना चिकटपट्टीचे त्रिकोण, आणि सत्तर-ऐंशी माणसे. त्यांतली निम्मी कोण, हे आता फक्त आत्याबाईंनाच ठाऊक. अल्बमची पाने इतकी कुरकुरीत झाली आहेत की प्रवासाचे धाडस नको, म्हणून धाकट्या भावाने तो सतरंजीवर उघडून मोबाइलने एकेक पान टिपले आणि आत्याबाईंना धाडले. आले ते बहुतेक आडवे, काही चक्क उलटे. आत्याबाईंनी दहाबारा नावे सांगितली, तीन-चार ठिकाणी सख्ख्या भावांची अदलाबदल केली आणि "मले आता काही ओळखू येत नाही," म्हणून टॅब्लेट बाजूला ठेवला. घरात कुजबूज सुरू झाली, की आत्याबाईंची स्मृती गेली.

स्मृती गेली नव्हती. उलटा चेहरा ओळखणे कोणालाही जड जाते. 1969 साली रॉबर्ट यिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांनी दाखवले, की घर किंवा विमान यांचे चित्र उलटे केल्यास ओळखणे जितके अवघड होते, त्याहून कितीतरी अधिक अवघड चेहऱ्याचे होते. तरुणांची ही गत, तर मोतीबिंदू उतरवलेल्या डोळ्यांचे काय सांगावे!

आता हे घडते कसे ते पाहू. मोबाइल कसाही धरा, आतली काच चित्र आपल्या ठरलेल्या बाजूनेच टिपते. मात्र सोबत एक चिठ्ठी जोडते : "हे दाखवताना इतके फिरवा." या चिठ्ठीची पद्धत 'एक्झिफ' नावाने जपानमध्ये 1995 साली ठरली. तिच्यात दिशेसाठी एक ते आठ आकडे आहेत. एक म्हणजे सरळ, तीन म्हणजे उलटे, सहा आणि आठ म्हणजे या किंवा त्या कुशीवर. उरलेले चार आरशातल्या प्रतिमांचे. चिठ्ठी वाचणाऱ्या यंत्रावर फोटो सरळ दिसतो, न वाचणाऱ्यावर आडवा. म्हणूनच एकच फोटो भावाच्या मोबाइलवर उभा आणि बहिणीच्या टॅब्लेटवर निजलेला असू शकतो. दोघेही खरेच बोलत असतात. उगाच भांडू नये.

चिठ्ठीवर आकडा पडतो तो गुरुत्वाकर्षणावरून. मोबाइलची कोणती कड जमिनीकडे आहे हे आतला एक चिमुकला भाग ओळखतो. पण सतरंजीवरच्या अल्बमवर मोबाइल आडवा धरला, की कोणतीच कड खाली नसते. त्याची पाठच जमिनीकडे असते. मग तो बिचारा आधीचीच दिशा धरून बसतो. आमच्या अल्बमचा घोटाळा इथे झाला होता.

उपाय सोपे आहेत. नुसते पाहायचे असेल, तर टॅब्लेटच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढावे आणि आपोआप फिरण्याची कळ बंद करावी. मग टॅब्लेट फिरवला तरी चित्र जागचे हलत नाही. कायमचे सरळ करायचे, तर फोटो उघडून पेन्सिलीच्या खुणेवर जावे, फिरवण्याचा बाण दाबावा आणि जतन करावे. मूळ प्रत मात्र वेगळी राखावी. आणि अल्बम टिपतानाच काळजी घ्यायची, तर तो पाटाला टेकवून तिरपा उभा करावा, किंवा मोबाइल आधी उभा धरून मग हळूच खाली झुकवावा. एक फोटो काढून तो सरळ आला की नाही हे पाहावे, मगच पुढचे पान.

एवढे करूनही माणसाची नजर लागतेच. आमच्या भाच्याने उत्साहाने सगळे फोटो "डोके वर" या नियमाने सरळ केले. त्यात एका काकांचे पाय खाली आले, पण तळव्यांखाली आभाळ आणि डोक्यावर आखाड्याची माती! काका अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे. 1914 साली स्थापन झालेल्या आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलेल्या या संस्थेत ते रोज जात. फोटोत ते हातांवर उभे होते. आत्याबाईंनी तो पाहताच ठणकावले, "त्याले पालथा करा! तो सरळ कधी उभाच नव्हता राह्यत."

सगळी पाने नीट झाल्यावर आत्याबाईंनी दोन दुपारींत सत्तेचाळीस माणसांची नावे सांगितली. भावांची अदलाबदल नाही, सुनांच्या माहेरांसकट. सहा चेहरे मात्र त्यांच्याही आधीच्या पिढीचे निघाले. ते सांगणारे आता कोणी नाही.

वाचकहो, भाऊबिजेला मंडळी एकत्र जमतील, तेव्हा फराळानंतर तासभर यासाठी काढा. फोटो सरळ करा, घरातल्या सर्वांत वडील माणसापुढे ठेवा आणि ती सांगेल ते नाव, नाते, गाव वहीत लिहून घ्या. मूळ फोटोच्या पाठीवर लिहायचे तर मऊ पेन्सिलीने, दाब न देता. शाई पुढे उमटते. आडवा फोटो कोणीही, केव्हाही उभा करील. नाव विचारायला मात्र ते माणूस समोर असावे लागते.