दूरचे दिसते, ओळखणार कोण?

६ फेब्रुवारी २०२४ रोजी कुवेतहून निघालेली एक मासेमारी नौका थेट गेटवे ऑफ इंडियाच्या परिसरात येऊन ठेपली. तीत तमिळनाडूचे तीन मच्छीमार होते. मालकाने वेतन दिले नाही, छळ केला, म्हणून त्याचीच नौका घेऊन आपण मायदेशी पळून आलो, असे त्यांचे सांगणे होते. सागरी पोलिसांच्या गस्ती नौकेने हटकले तेव्हा कोठे त्यांचा प्रवास थांबला. ते आपलेच बांधव निघाले, म्हणून या घटनेची चर्चा लवकरच विरली. परंतु २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र भोगलेल्या नगरीने हा प्रश्न इतक्या सहजी सोडून देणे योग्य नव्हे.

त्या हत्याकांडानंतर सरकार स्वस्थ बसले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या टप्प्यात किनाऱ्यावर व बेटांवर ४६ टेहळणी केंद्रे उभी राहिली. रडार, दिवसा व रात्री पाहणारे कॅमेरे, जहाजांची ओळख पटविणारे संदेशग्राहक अशी सामग्री तेथे बसविण्यात आली. त्यांनी टिपलेले सारे एकत्र पाहण्यासाठी २०१४ साली गुरुग्राम येथे नौदलाचे केंद्रही सुरू झाले. डोळे लावण्यात कसूर झाली नाही. प्रश्न आहे तो दृष्टीचा.

या डोळ्यांच्या मर्यादा निसर्गानेच आखून दिल्या आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे १०० मीटर उंचीवरूनही समुद्राचे क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरपलीकडे जात नाही. उष्णतेचे किरण टिपणारा कॅमेरा काळोखातही नौकेचे तापलेले इंजिन दाखवितो. पण हवेतील बाष्प ते किरण शोषून घेते, आणि कोकणच्या पावसाळ्यात त्याची नजर मंदावते. रडारचे पावसावाचून तितकेसे अडत नाही. परंतु लाकडी होडीचा क्षीण प्रतिध्वनी लाटांच्या गोंधळात हरवतो. म्हणूनच रडारने हेरावे आणि कॅमेऱ्याने पारखावे, अशी जोडी लावलेली असते.

पारखण्याचेही शास्त्र आहे. जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ साली या प्रश्नाचे गणित मांडले. दूर काहीतरी आहे एवढे कळण्यास प्रतिमेत जितका बारकावा पुरतो, त्याच्या सुमारे सहापट बारकावा ते नेमके काय आहे हे कळण्यास लागतो. ही सहापटीची मजल उत्तम भिंग कदाचित गाठील. पण होडीतला माणूस मासे घेऊन येत आहे की मरण, हे सांगणारे भिंग अद्याप कोणी घासलेले नाही. २००८ साली दहा मारेकरी आले ते पाणबुडीतून नव्हे. ‘कुबेर’ या आपल्याच मासेमारी नौकेतून. कॅमेऱ्याने ती नौका लख्ख दाखविली असती, तरी तो एक भारतीय ट्रॉलर म्हणूनच दिसला असता.

२०११ च्या जुलैअखेर ‘पवित’ नावाचे निर्मनुष्य जहाज वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्यास लागले. तेव्हा केंद्रांची साखळी पुरी झालेली नव्हती, हा बचाव मान्य करता येईल. मात्र ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यास तीन एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका लागली, तेव्हा त्या बचावाचा आधार उरला नव्हता. तीही घातपाताची नव्हती, हे आपले भाग्य. परंतु भाग्य ही काही संरक्षणाची योजना नव्हे.

कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीत २००८ च्या त्या सायंकाळी उतरलेल्या तरुणांना प्रथम कोणी हटकले? तेथील रहिवाशांनीच. आपल्या बंदरात कोणती होडी कोणाची, ती केव्हा जाते नि केव्हा येते, हे कोळ्याला ठाऊक असते. परकी होडी त्याच्या डोळ्यांत खुपते. त्या सायंकाळी डोळा जागा होता. त्याचे ऐकणारा कान मात्र जागा नव्हता, आणि १६६ माणसे प्राणांस मुकली.

म्हणून ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे जाहीर झालेली, मासेमारी नौकांवर एक लक्ष ट्रान्सपाँडर बसविण्याची योजना आम्हांस महत्त्वाची वाटते. आपल्या नौका स्वतःची ओळख सांगू लागल्या, तर न सांगणारी नौका आपोआप वेगळी उमटेल, आणि कॅमेरा कोठे वळवावा हे पहारेकऱ्यास कळेल. परंतु मच्छीमाराला हे यंत्र पाळतीचे न वाटता स्वतःच्या रक्षणाचे वाटले, तरच तो ते चालू ठेवील. वादळाची सूचना त्याला त्यातून वेळेवर मिळाली पाहिजे, आणि त्याने दिलेल्या वर्दीची दखल तत्काळ घेतली गेली पाहिजे.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. अशी नौका किनाऱ्यास लागेल त्या प्रत्येक वेळी ती प्रथम कोणत्या केंद्राने पाहिली, कोणास कळविले आणि गस्ती नौका किती मिनिटांत निघाली, याचा हिशेब लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे ठेवावा. गुप्ततेची सबब येथे चालणार नाही. यंत्रे कोठे आहेत हे कोणी विचारीत नाही, ती पाहून कोणी हालले का, एवढेच विचारायचे आहे. रात्रभर पडद्यासमोर बसणारा शिपाई आणि पहाटे होडी लोटणारा कोळी यांच्यामध्ये विश्वासाचा दुवा जोडला गेला नाही, तर किनाऱ्यावरचे महागडे डोळे उघडेच राहतील, आणि नगरी मात्र झोपेत गाठली जाईल.