आधीची ओळख कोणी गिळली?

‘सर्वोच्च न्यायालयाने फाशी दिली, मग निर्दोषपणाचा दावा कशाला ऐकायचा?’ मुकुंदवाडीतील कित्येक साथीही असे विचारतात. त्यांनी शेजारच्या जालना जिल्ह्यातील भोकरदनकडच्या, भटक्या जमातीच्या सहा मजुरांचे प्रकरण आठवावे. जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबातील पाच जणांची निर्घृण हत्या झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली होती. पण शासनाच्या अपिलावरून 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठोठावली आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले.

पुरावा काही नवा नव्हता. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही.

आरोपी गरीब म्हणून निर्दोष, असे कोणी मानू नये. ती भाबडी भूमिका मृतांवरही अन्याय करते. दावा तोलायचा तो पहिल्या जबाबावर, ओळखीच्या क्रमावर. अटकेसाठी मात्र पोलिसांना बेघर, निराधार माणूसच सोयीचा का वाटतो, हे विचारलेच पाहिजे.

सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. सुमारे 16 वर्षांच्या तुरुंगवासाचे हे वर्षाला 31 हजारांच्या आसपास पडतात.