टपालघर स्वतःचे असावे काय?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जी या भारतातील तेलशुद्धीकरण कंपनीवर निर्बंध जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिची ई-मेलसेवा बंद केली. गुजरातेतील वाडीनार येथे प्रचंड कारखाना चालविणाऱ्या या ग्राहकाला स्वतःचीच पत्रे उघडता येईनात. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिना संपण्याच्या सुमारास सेवा पूर्ववत झाली. या तेलकंपनीविषयी कळवळा बाळगण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु जिला वकिलांची फौज उभी करता येते तिची ही गत, तर एखाद्या गावच्या ग्रंथालयाचे, कामगार संघटनेच्या शाखेचे किंवा स्वतःचे संकेतस्थळ चालविणाऱ्या एकट्या लेखकाचे टपाल असे अडले तर त्याने कोणाचे दार ठोठवावे?

‘स्वतःचा मेल-सर्व्हर चालवावा’ असे उत्तर आमचे तरुण मित्र देतात. विचार आकर्षक आहे. मात्र तो परवडणारा आहे काय, हे भावनेच्या भरात नव्हे, तर हिशेब मांडून ठरविले पाहिजे.

हिशेबाची पहिली बाजू उमेद देणारी आहे. टपाल वाहून नेणारी उत्तमोत्तम सॉफ्टवेअरे आज विनामूल्य उपलब्ध आहेत. केंब्रिज विद्यापीठात फिलिप हेझेल यांनी १९९५ मध्ये लिहिलेले एक्झिम, वित्झे वेनेमा यांचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले पोस्टफिक्स, पेटीतील पत्रे वाचकापर्यंत पोचविणारे तिमो सिराइनेन यांचे २००२ मधील डव्हकॉट, ही सारी साधने कोणालाही वापरता यावीत, तपासता यावीत म्हणून खुली ठेवलेली आहेत. पत्रांच्या गुप्ततेसाठी लागणारी प्रमाणपत्रे लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना मोफत देते. हे सर्व भाग एकत्र जुळवून देणारे संचही आहेत. त्यांपैकी मेल-इन-अ-बॉक्स १ जीबी रॅमच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतो. मेलकाऊ अधिक सोयी देतो, पण किमान ६ जीबी रॅम मागतो. पहिल्यासाठी लागणारे यंत्र महिना चार-पाचशे रुपयांच्या आसपास मिळू शकते, दुसऱ्याला त्याहून बरेच अधिक भाडे पडते. चार पेट्या चालविणाऱ्याने मोठ्या संचाच्या मोहात पडू नये.

परंतु हिशेब येथे संपत नाही. पत्र घेणे सोपे आहे. आपले पत्र दुसऱ्याच्या पेटीत पोचविणे अवघड आहे. घरच्या जोडणीवर सर्व्हर ठेवला तर तिचा आयपी पत्ता बदलत राहतो आणि तशा पत्त्यांवरून आलेली पत्रे मोठ्या कंपन्या बहुधा स्वीकारतच नाहीत. भाड्याचा सर्व्हर घेतला, तरी टपाल पाठविण्याची वाट, म्हणजे २५ क्रमांकाचे पोर्ट, अनेक पुरवठादार नव्या ग्राहकाला बंद ठेवतात. ते उघडून मिळते की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे. वाट उघडली तरी आपल्याआधी तो आयपी पत्ता वापरणाऱ्याने केलेल्या उपद्व्यापांचा कलंक आपल्या माथी येऊ शकतो. शिवाय आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलट नोंद, या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणाला हे सांगणारी एसपीएफ नोंद, पत्रावरील डीकेआयएम सही आणि या कसोट्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारा डीमार्क नियम, अशी कागदपत्रे जय्यत ठेवावी लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी या अटी अधिक कडक केल्या. दररोज हजारो पत्रे पाठविणाऱ्यांवर जादा अटी आल्या. पण दिवसाला दहा पत्रे पाठविणाराही त्यांतून पूर्णपणे सुटलेला नाही.

या अटी निव्वळ मक्तेदारीच्या कारस्थानातून आल्या असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. खोट्या नावाच्या पत्रांचा पूर अडविण्यासाठी काही बांध आवश्यकच होता. आमचा आक्षेप निराळा आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी टपाल पाठविण्याचे जे सामाईक नियम लिहिले, त्यांत लहान यंत्र आणि मोठे यंत्र असा भेद नव्हता. कोणतेही यंत्र कोणत्याही यंत्राला पत्र देऊ शकत होते. आज नियम सामाईकच आहेत. परंतु दार उघडावे की नाही हे ठरविणारे द्वारपाल मोजके झाले आहेत, आणि त्यांच्या निर्णयावर लहान माणसाला अपील नाही.

मग फुकटची पेटी काय वाईट, असे कोणी विचारील. जीमेल २००४ मध्ये १ जीबी जागा घेऊन आले तेव्हा सर्वांना तो दानधर्म वाटला. जाहिराती निवडण्यासाठी यंत्राकरवी पत्रे चाळण्याची प्रथा सोडल्याची घोषणा व्हायला २०१७ साल उजाडले. स्वतःच्या डोमेनवरील ई-मेल ज्यांना गुगलने पूर्वी फुकट दिली होती, त्यांना जानेवारी २०२२ मध्ये पैसे भरण्याची सूचना आली. ओरड झाल्यावर खाजगी वापरापुरती सवलत कायम राहिली. दान देणाऱ्याचा हात केव्हाही आखडू शकतो, हा त्यातला धडा.

यास्तव आमची सूचना अशी. प्रथम डोमेन स्वतःच्या नावावर घ्यावे आणि त्याचे नूतनीकरण कधीही चुकवू नये. सर्व्हरच्या मालकीपेक्षाही पत्त्याची मालकी महत्त्वाची आहे. पत्ता आपला असला, तर टपाल कोठे पोचवावे हे सांगणारी एमएक्स नोंद बदलून पुरवठादार बदलता येतो आणि लोकांना नवा पत्ता कळवीत बसावे लागत नाही. ज्याला यंत्राची देखभाल करण्यास वेळ नाही, त्याने त्या डोमेनसाठी लहानशी सशुल्क पेटी घ्यावी आणि पत्रांची प्रत दरमहा आपल्या संगणकावर उतरवून ठेवावी. त्यात कमीपणा नाही.

ज्याला शिकण्याची उमेद आहे त्याने पत्रे घेण्याचे काम स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावे आणि बाहेर जाणारे टपाल तेवढे एखाद्या मध्यस्थ सेवेमार्फत पाठवावे. सर्व्हर रात्री बंद पडला म्हणून आलेले पत्र लगेच हरवत नाही. पाठविणारे यंत्र साधारणतः काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करते.

याहून चांगला मार्ग सहकाराचा आहे. अमेरिकेतील सिएटल येथे १९९९ मध्ये सुरू झालेली राइजअप ही कार्यकर्त्यांची संस्था देणग्यांवर अशी सेवा चालवीत आली आहे. आपल्याकडेही दहा जणांनी मिळून एक सर्व्हर भाड्याने घेतला तर प्रत्येकाचा वाटा चहापाण्याच्या खर्चाहून अधिक होणार नाही. मात्र भाडे वाटून घेतले तशी जबाबदारीही वाटून घ्यावी लागेल. किल्ल्या निदान दोघांकडे असाव्यात, सुधारणा वेळच्या वेळी चढवाव्यात, प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती खरोखर परत उघडते का, हे अधूनमधून पाहावे. संस्था स्थापण्याचा उत्साह आपल्याकडे उदंड आहे. दप्तर सांभाळण्याचा कंटाळाही तितकाच आहे. सर्व्हर चालविणे हे दप्तर सांभाळण्याचेच काम आहे. ते नेटाने करणारे दोघे सापडत नसतील, तर सर्व्हर घेण्याची घाई करू नये. सापडले, तर आता थांबण्याचे कारण नाही.