रिकामे ताट

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंची मुलगी यंदा दहावीला. घरातला जुना संगणक पाडव्याला तिला द्यायचा, असा संकल्प मी सोडला. त्यावर लिनक्स मिंट चढवायचे ठरले. ते फुकट मिळते, आणि टॉरंटने घेतले तर एकाच कोठारातून न येता, ज्यांच्याजवळ ते आहे त्या घराघरांतून तुकड्या-तुकड्यांनी येते. आमच्या जुन्या यंत्राला चालणारी आवृत्ती बाळगणारी घरे मात्र थोडीच निघाली.

आमची लाइन १०० मेगाबिटची. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे फार तर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. मला मिळत होते तीस किलोबाइट! वास्तविक मी व्यवस्था चोख ठेवली होती. आपल्याकडून बाहेर किती द्यायचे, या चौकटीत एक किलोबाइट लिहिला होता. पैसे आमचे, लाइन आमची. लोकांना का वाटा?

भाचा फराळाला आला होता. चकली मोडीत तो म्हणाला, “मामा, २००१ साली ब्रॅम कोहेनने बिटटॉरंट काढले ते देवाणघेवाणीवरच. ज्यांचे उतरवणे अजून चालू आहे, ते देणाऱ्यालाच आधी देतात. नवख्याला अधूनमधून उधार मिळते, त्यावर तुमचे चालले आहे!”

मी इरेला पेटलो. सगळी मर्यादा काढून टाकली. कर्णच झालो म्हणा ना! पाच मिनिटांत सौभाग्यवतींचा अमेरिकेतल्या लेकीशी चाललेला व्हिडिओ कॉल गोठला, आणि माझा वेगही कोसळला. आमच्या लाइनीची बाहेर जाणारी वाट अरुंद. ती तुंबली की ‘तुकडा पोचला’ ही पावतीही अडकते, आणि पावतीवाचून पुढचा माल हळूहळू येतो. अखेर त्या वाटेचा पाऊण हिस्सा तेवढा देऊ केला, वायफाय सोडून वायर जोडली, आणि बाहेरच्यांना आपणहून येता यावे म्हणून राउटरचे एक पोर्ट उघडले. रात्रीत काम फत्ते!

सकाळी टॉरंट बंद करायला बसलो, तो स्वयंपाकघरात सौभाग्यवती शेजारच्या काकूंचे ताट धुऊन त्यात करंज्या भरीत होत्या. म्हणाल्या, “रिकामे ताट परत पाठवू नये.”

माझा हात माउसवरून मागे आला.

पाडव्याला संगणक मुलीच्या घरी गेला. टॉरंट माझ्याकडे अजून चालू आहे. कुठेतरी आणखी एखादे जुने यंत्र वाट पाहत असेल.